हँडिकॅप दोन, वय सोळा: बारावीनंतर प्रो व्हावं का?

कोथरूडहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत, गोल्फ खेळतो. हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २. गेल्या महिन्यात येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर १८ होलचा राउंड ६८ शॉट्समध्ये संपवला. बारावी झाली की लगेच प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, व्हायचं म्हणतो. हौशी खेळाडूपासून टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, जिंकण्यापर्यंतची वाट प्रत्यक्षात कशी असते, खर्च किती येतो, आणि आता त्याला क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, नवा सेट घेऊन द्यावा का?

मी बरीच वर्षं टूरवर खेळलो आणि आता पुण्यातच मुलांना शिकवतो. हा प्रश्न मला दर मोसमात कुणी ना कुणी पालक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६८ची शाबासकी त्याला माझ्याकडूनही द्या. सोळाव्या वर्षी अंडर पार, म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या शॉट्सपेक्षा कमीत, राउंड संपवायला धीर लागतो. पण तो प्रो म्हणून टिकेल का, हे त्या ६८वरून मला कळत नाही. मला त्याच्या वाईट दिवसाचा आकडा हवा आहे. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) सारखा उजवीकडे जातोय, पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, होलकडे ढकललेले शॉट) पडत नाहीत, आदल्या रात्री झोप झालेली नाही, अशा दिवशी तो किती मारतो? ७४ की ८१? टूरवरचं करिअर या आकड्यावर उभं राहतं किंवा बसतं. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी जे मागे पडले, त्यातले बरेच जण चांगल्या दिवशी कुणालाही हरवू शकत होते.

आता हँडिकॅप कसा निघतो ते पाहा. २०२०पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ धरतात आणि त्यांची सरासरी काढतात. बाकीचे १२ राउंड हिशेबातच येत नाहीत. क्लबमधल्या मंडळींना एकमेकांशी बरोबरीने खेळता यावं म्हणून ही पद्धत आहे आणि त्यासाठी ती उत्तम आहे. पण त्यामुळे हँडिकॅप २ असलेला मुलगा रोज पारपेक्षा दोनच शॉट जास्त खेळतो असा अनेक पालकांचा समज होतो. त्याचे आठ चांगले राउंड सरासरीने कोर्स रेटिंगच्या (हँडिकॅप शून्य असलेल्याला त्या कोर्सवर लागणाऱ्या अपेक्षित शॉट्सच्या) दोन वर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले बारा सहा-सात वर असू शकतात. टूरवर प्रत्येक राउंड मोजला जातो. शिवाय तिथल्या खेळाडूंचा हँडिकॅप काढला तर तो शून्याच्याही खाली जातो, त्याला प्लस चार, प्लस पाच म्हणतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या चांगल्या दिवसांची त्यांच्या चांगल्या दिवसांशी तुलना केली तरी एका राउंडमागे सहा-सात शॉट्सचा फरक आहे, आणि स्पर्धा चार राउंडची असते.

म्हणून एक काम करा. त्याची शेवटची वीस कार्डं काढा, पण फक्त स्पर्धेतली, मागच्या टीवरून (होलची सुरुवात करायच्या जागेवरून) खेळलेली. रविवारी सकाळी मित्रांबरोबर खेळलेला, दोन फुटांचे पट ‘दिले’ म्हणून उचललेला राउंड धरू नका. त्यातली आठ चांगली बाजूला ठेवा आणि बाकीची बारा टेबलावर मांडा. त्या बारांची सरासरी ७४च्या आत असेल तर प्रो होण्याची चर्चा गंभीरपणे करू. ७७-७८ असेल तर मुलगा गुणी आहे, पण अजून हौशी स्पर्धाच खेळायच्या. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, कुठल्या नियमात लिहिलेला नाही, पण आजवर त्याने मला फारसं फसवलेलं नाही.

ती बारा कार्डं नीट पाहिलीत तर आणखी एक गोष्ट दिसेल. वाईट राउंड सगळीकडून थोडाथोडा वाईट क्वचितच असतो. बहुतेक वेळा चौदा-पंधरा होल ठीक असतात आणि तीन होलवर सगळं जातं: टीवरून ओबी (बॉल हद्दीबाहेर), झाडीतून हिरोगिरीचा शॉट, मग ग्रीनवर तीन वेळा पट. डबल बोगी, ट्रिपल बोगी, म्हणजे त्या होलच्या पारपेक्षा दोन-तीन शॉट जास्त. या वयाची मुलं म्हणतात, “सर, बर्डी कमी पडल्या.” कार्डात बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) पुरेशा असतात, डबल जास्त असतात. मी माझ्या मुलांना स्पर्धेनंतर पहिला प्रश्न डबल किती झाले हाच विचारतो.

सराव कशाचा करायचा हेही यातून ठरतं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतल्या पीजीए टूरवरच्या लाखो शॉट्सची आकडेवारी तपासली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अव्वल खेळाडू इतरांपेक्षा जे शॉट्स वाचवतात, त्यातले सुमारे ४० टक्के ग्रीनकडे मारलेल्या अप्रोच शॉटमधून येतात, ड्रायव्हिंगमधून २८ टक्क्यांच्या आसपास, आणि पटिंगमधून सुमारे १५ टक्के. आपल्याकडे पालक पटवर चिडतात. जगातले सर्वोत्तम खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात आणि वीस फुटांवरून सहा-सातातला एक. त्यामुळे आठ फुटांचा पट हुकला म्हणून येरवड्याहून कोथरूडपर्यंत गाडीत मुलाला बोल लावू नका. पण १६० यार्डांवरून बॉल ग्रीनच्या डावीकडे बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) आणि पुढच्या होलवर उजवीकडे पाण्यात गेला असेल, तर मात्र बोलायला हवं. रेंजवर बादलीभर बॉल ड्रायव्हरने मारण्यात जो वेळ जातो, त्यातला निम्मा पाच ते नऊ नंबरच्या आयर्नला (मधल्या अंतराच्या क्लबना) द्या, प्रत्येक शॉटला वेगळं लक्ष्य ठेवून.

पुण्याच्या मुलांसाठी इथे एक तांत्रिक गोष्ट. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे. हवा थोडी विरळ असल्याने बॉल सुमारे दोन टक्के लांब जातो. इथे सात नंबरचा आयर्न १६० यार्ड जात असेल, तर कोलकात्यात किंवा चेन्नईत तो १५७ जाईल. दिल्लीत जानेवारीच्या सकाळी गार हवेत याहून कमी. तीन यार्ड किरकोळ वाटतात, पण पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) पुढ्यात बंकर असेल तर तेवढ्यानेच बॉल वाळूत जातो. बाहेरगावी गेल्यावर सरावाच्या दिवशी कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) मोजून वहीत लिहायची सवय आत्तापासून लावा. कॅरी शिकायला आपला पावसाळा फार चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवेवर बॉल पडतो तिथेच रुततो, एक यार्डही घरंगळत नाही. बरेच सदस्य तेव्हा खेळायचं थांबवतात. मुलाने थांबू नये. तुम्हाला बावधनचा ऑक्सफर्डचा कोर्स जवळ आहे. तिथला डोंगरउतार आणि वारा यांनी त्याच्या खेळातलं कच्चं सगळं बाहेर येईल. येरवड्याला पाय सपाट जमिनीवर ठेवून मारलेला शॉट तिथे पाय वर, बॉल खाली अशा लायवरून मारावा लागतो. एकाच होम कोर्सवरचा हँडिकॅप बहुधा थोडा खोटा असतो.

आता हौशी वर्षांबद्दल. या काळाची घाई करू नका, असं मी कळकळीने सांगतो. १ जानेवारी २०२२पासून अॅमॅच्युअर स्टेटसचे, म्हणजे हौशी दर्जाचे, नियम बरेच सैल झाले आहेत. हौशी खेळाडूला ग्रॉस स्कोअरवरच्या (हँडिकॅप वजा न करता मोजलेल्या) स्पर्धेत १००० डॉलरपर्यंतचं बक्षीस रोख घेता येतं. प्रायोजक घेता येतो, त्याच्याकडून क्लब आणि खर्चही घेता येतो. पूर्वी “पैसे हवेत म्हणून प्रो व्हावंच लागतं” असं कारण दिलं जायचं, त्यात आता तितका जोर राहिलेला नाही. प्रो झाल्यावर मात्र हौशी स्पर्धांचं दार बंद होतं, आणि शिकण्याची सर्वांत स्वस्त जागा तीच असते.

त्या स्पर्धांची पायरी अशी. इंडियन गोल्फ युनियनचं ज्युनिअर सर्किट, मग पुरुषांच्या हौशी स्पर्धा, मग ऑल इंडिया अॅमॅच्युअर. या शेवटच्या स्पर्धेचा उगम १८९२ सालचा आहे आणि देशातला प्रत्येक मोठा हौशी खेळाडू तिथे येतो. या निकालांवर जागतिक हौशी क्रमवारीचे गुण मिळतात. क्रमवारी चांगली असेल तर देशाच्या संघात नाव येतं, आणि एशिया-पॅसिफिक अॅमॅच्युअरसारखी स्पर्धा खेळायला मिळते, जिच्या विजेत्याला थेट मास्टर्सचं (जगातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं) निमंत्रण असतं. अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फसाठीही प्रशिक्षक आधी हीच क्रमवारी आणि स्पर्धेतले स्कोअर बघतात. तिथली शिष्यवृत्ती बहुतेकांना अर्धीमुर्धीच मिळते, पूर्ण क्वचित. पण चार वर्षं उत्तम कोर्सवर, स्वतःच्याच संघात जागा मिळवण्यासाठी दर आठवड्याला लढत खेळणं आणि हातात पदवी, हे मी मुलांसाठी फार मोलाचं मानतो. शुभंकर शर्मा २०१३मध्ये, तुमच्या मुलाएवढ्या वयातच प्रो झाला आणि २०१७च्या डिसेंबरमध्ये जोबर्ग ओपन जिंकला, हे उदाहरण मुलं हमखास देतात. तो प्रो झाला तेव्हा देशातला अव्वल हौशी खेळाडू होता. तुमचा मुलगा तिथवर पोचला तर मीच म्हणेन, जा.

प्रो होण्याआधीची शेवटची परीक्षा म्हणजे हौशी म्हणून पीजीटीआयची, म्हणजे आपल्या देशातल्या व्यावसायिक टूरची, स्पर्धा खेळून पाहणं. काही हौशी खेळाडूंना तिथे प्रवेश मिळतो. टूर पुण्यातही येऊन गेली आहे, घरच्या कोर्सवर संधी मिळाली तर सोडू नका. पहिल्या दोन राउंडनंतर पहिले ५० आणि त्या स्कोअरवर बरोबरीत असलेले सगळे पुढे जातात, बाकीचे घरी; यालाच कट म्हणतात. त्याला कट करता येतो का ते बघा. एकदा झाला म्हणून नव्हे, तीन-चार वेळा खेळून दोनदा तरी व्हायला हवा.

मग क्यू-स्कूल, म्हणजे टूरची पात्रता स्पर्धा. आधी प्री-क्वालिफाइंग, त्यातून निवडलेले फायनल स्टेजला. तिथे ठरावीक जणांनाच वर्षाचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, मिळतं. त्या आठवड्यात कोर्सवर विलक्षण शांतता असते. क्यू-स्कूलमध्ये ६५ मारायची गरज नसते. ७१, ७२, ७०, ७२ असे चार राउंड अनेकदा पुरतात आणि ६७ नंतर आलेला एक ७९ वर्ष वाया घालवतो. पूर्ण कार्ड हुकलेल्यांसाठी आता नेक्सजेन ही खालची टूर आहे, तिथे वर्षभर खेळून वर येता येतं. ही सोय माझ्या वेळी नव्हती, आणि आजच्या मुलांना ती मिळाली याचा मला खरोखर आनंद आहे.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. प्रवास, हॉटेल, एंट्री, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), जेवण धरून स्पर्धेच्या एका आठवड्याला साठ-सत्तर हजार सहज जातात. मोसमात वीस स्पर्धा धरल्या तर बारा-चौदा लाख, त्यात प्रशिक्षक, फिजिओ, क्लब आणि बॉल वेगळे. १ कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात, पण रक्कम झपाट्याने उतरत जाते. जेमतेम कट करणाऱ्याचा आठवड्याचा खर्चसुद्धा धड निघत नाही आणि कट हुकला तर एक रुपयाही नाही. जिंकलेल्या रकमेतला वाटा कॅडीलाही द्यायचा असतो, आणि तो मनापासून द्यायचा असतो. घरात तीन वर्षं हा खर्च झेपेल, कर्ज न काढता, एवढी तयारी असेल तरच पाऊल टाका. जो मुलगा हॉटेलच्या बिलाचा विचार करत शेवटच्या होलवर उभा असतो, तो पाण्यावरून मारू नये तिथे मारतो.

इथे कॅडींबद्दल लिहायलाच हवं, कारण क्लबमध्ये वाढलेल्या मुलांना हा भाग दिसत नाही. भारतीय गोल्फमधली किती मोठी नावं बॅग उचलता उचलता घडली! अली शेरने १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३मध्ये पुन्हा. बंगळूरच्या मुनियप्पाने २००९मध्ये. कोलकात्याच्या एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनची देखभाल करायचे. महूचा ओमप्रकाश चौहान २०२३मध्ये पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये (वर्षभराच्या क्रमवारीत) पहिला आला आणि त्या जोरावर त्याला युरोपातल्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळालं. या लोकांचे स्विंग पुस्तकातल्यासारखे नसतात. पण उधारीचे क्लब आणि मोजके बॉल घेऊन शिकलेल्याला बॉल हरवणं परवडत नाही. कुठे मारायचं नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. येरवड्याला तुमच्या मुलाची बॅग जो कॅडी उचलतो, त्याच्याबरोबर महिन्यातून दोनदा मॅच खेळायला सांगा, स्ट्रोक न देता, म्हणजे हँडिकॅपची सूट न ठेवता. त्यातून तो जे शिकेल ते मी रेंजवर शिकवू शकत नाही.

पीजीटीआयवर दोन-तीन मोसम स्थिर झाल्यावर वरचे रस्ते उघडतात. ऑर्डर ऑफ मेरिटमधला पहिला युरोपात जातो. २०२४मध्ये वीर अहलावत असाच गेला. एशियन टूरचं वेगळं क्यू-स्कूल आहे आणि त्याखाली डेव्हलपमेंट टूर आहे. पीजीटीआयवर जागतिक क्रमवारीचे गुणही मिळतात, आणि ते कुठे उपयोगी पडतील सांगता येत नाही. पुण्याच्या उदयन मानेला २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकचं दार उघडलं ते दुसऱ्या देशाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर. पण त्या रांगेत तो पुढचा होता, कारण देशात खेळून त्याने गुण जमवून ठेवले होते. त्याच्याबरोबर तिथे खेळलेला अनिर्बान लाहिरी जन्माने पुण्याचाच.

राहिला प्रश्न जिंकण्याचा. प्रो होणं आणि जिंकणं यात किती काळ जातो याची कल्पना मुलांना नसते. जीव मिल्खा सिंग १९९३मध्ये प्रो झाला, १९९८मध्ये युरोपियन टूरवर (आताच्या डीपी वर्ल्ड टूरवर) पोचला आणि तिथला पहिला विजय त्याला २००६मध्ये चायना ओपनला मिळाला. चौरसिया इंडियन ओपनमध्ये १९९९, २००६, २०१३ आणि २०१५ असा चारदा दुसरा आला. यातल्या २०१५च्या स्पर्धेकडे नीट बघा. शेवटच्या दिवशी सकाळी लाहिरी त्याच्या सात शॉट मागे होता. दिल्ली गोल्फ क्लबचा तो कोर्स अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, तिथे आघाडीवरच्याचा पाय घसरला की तो सावरणं अवघड. लाहिरी चमत्कार करत नव्हता, तो चुका करत नव्हता. दोघं बरोबरीत आले आणि लाहिरी प्लेऑफ (बरोबरी फोडायला खेळलेला जादा होल) जिंकला. पुढच्या वर्षी त्याच कोर्सवर चौरसिया जिंकला, लाहिरी मागे राहिला. आणि २०१७मध्ये गुडगावच्या डीएलएफवर, देशातल्या सर्वांत अवघड कोर्सपैकी एकावर, चौरसिया सात शॉट्सनी जिंकला. टूरवरच्या कमी लांब मारणाऱ्यांत त्याची गणना होते. डीएलएफवर त्याच्यापेक्षा कितीतरी लांब मारणारे होते, पण तिथे एका चुकीची किंमत दोन शॉट असते आणि अशा चुका त्याने सर्वांत कमी केल्या.

अर्जुन अटवालचंही पाहा. २०१०मध्ये पीजीए टूरच्या विंडहॅम चॅम्पियनशिपला त्याच्याकडे कार्डसुद्धा नव्हतं, सोमवारचा क्वालिफायर खेळून तो आत आला होता. पहिल्या दिवशी ६१ मारले म्हणून लोकांना ती स्पर्धा आठवते. पण पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय तो ठरला ते रविवारी शेवटच्या होलवर सात फुटांचा पारचा पट घातल्यावर. अप्रोच बिघडला होता, ग्रीन हुकला होता, तरी पार काढला. मुलाला त्या शेवटच्या होलचा व्हिडिओ दाखवा, ६१चा नको.

शेवटी क्लबबद्दल. नवा ड्रायव्हर या वर्षी नको. आधी त्याच्या वेजेस (जवळून उंच मारायचे क्लब) आणि आयर्नचे लॉफ्ट आणि लाय (क्लबच्या डोक्याचे कोन) मोजून घ्या. रोज मॅटवर मारून ते दोन-दोन अंशांनी हललेले असतात आणि दोन क्लब एकाच अंतरावर जाऊ लागतात. वाढत्या वयात उंची वाढली असेल तर शाफ्टची लांबीही तपासा. बॅगेत १४ क्लबची मर्यादा आहे. त्यात तीन नंबरचा आयर्न असेल तर तो काढून चौथी वेज घालायला माझी हरकत नाही. बारा कार्डं आणि त्याची वही घेऊन त्याला एकदा माझ्याकडे पाठवा, सकाळी सातच्या आत, रेंजवर गर्दी व्हायच्या आधी. ड्रायव्हर घरी ठेवायला सांगा.